आपली मुले आणि सुभेदार रामजी

(विहाराच्या वर्धापन दिनी कोंडाणे येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय समितीनेच दिला आहे : वयात येणारी मुले आणि आई-बाप. हा विषय का काढला तेही त्यांनी सांगितले. बुद्धवंदना संपली की आपल्या आया-बहिणी बाहेर ओट्यावर बसतात आणि सगळ्यांचे गाऱ्हाणे एकच असते. पोरगं ऐकत नाही. पोरगी तोंडाला तोंड देते. आठवीपर्यंत बरा होता, नववीत गेला आणि बिघडला. रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल, सकाळी नऊ वाजले तरी अंथरुणात. काही बोलायला गेलं की दार आपटतो. "भाऊ, तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा त्याला चार शब्द", असे मला किती जणींनी म्हटले असेल त्याचा हिशेब नाही.

मी चार शब्द सांगून काही होत नाही, हे आधीच सांगून टाकतो. सोळा वर्षांच्या पोराला बाहेरच्या माणसाने केलेला उपदेश गेटपर्यंतसुद्धा टिकत नाही. म्हणून आज मी मुलांशी बोलणार नाही. मुले मागे उभी आहेत ती खुशाल उभी राहू देत, कंटाळा आला तर जाऊ देत. मला बोलायचे आहे ते आई-बापांशी.

आपल्या घरात मुलांना काय सांगितले जाते ते आठवा. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. खाली पोरगा लोळत मोबाईल बघतोय. बाप कामावरून येतो, आधी फोटोकडे बघतो, मग पोराकडे बघतो आणि सुरू होतो. "बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे. त्यांच्याकडे लाईट नव्हती, तुला पंखा आहे, मोबाईल आहे, क्लास लावलाय, तरी तुझं डोकं चालत नाही." दहावीचे वर्ष असेल तर हे रोज. मित्रहो, मला याचे फार वाईट वाटते. ज्या माणसाच्या चरित्राने पोराची छाती फुगायला पाहिजे, त्याच चरित्राची आपण छडी केली. पोरगा मान खाली घालतो. तो मनात काय म्हणत असेल? "ते महामानव होते, मी कोण?" आणि तो अजून थोडा खाली सरकतो.

शिवाय एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. आपण गोष्ट सांगतो मुलाची. पण त्या गोष्टीत आपली जागा मुलाची नाहीच, आपली जागा बापाची आहे. मुलाने भीमराव व्हावे असे वाटते ना, मग आपण रामजी किती झालो, हे कोणी विचारत नाही. सुभेदार रामजी सकपाळ यांनी काय केले, ते आज थोडे सविस्तर सांगतो.

आधी साताऱ्याची गोष्ट. भीमरावांच्या आई, भीमाबाई, मुले लहान असतानाच वारल्या. मुलांना सांभाळले ते आत्या मीराबाईंनी. पुढे रामजींनी दुसरे लग्न केले. हे पोराला अजिबात आवडले नाही. आईची जागा दुसरी कोणी घेते, आईच्या वस्तू दुसरी कोणी वापरते, हे त्या वयाच्या पोराला सहन होत नाही. तेव्हा ते बारा-तेरा वर्षांचे असतील. त्यांनी ठरवले, आता बापाच्या जिवावर खायचे नाही, आपले आपण कमवायचे. साताऱ्याची पोरे मुंबईला जाऊन गिरणीत कामाला लागतात, असे त्यांनी ऐकले होते. पण मुंबईला जायला गाडीभाडे हवे. आत्या कमरेला पैशाची पिशवी खोचून झोपायची. पोरगा तिच्या शेजारीच झोपायचा. लागोपाठ तीन रात्री त्याने ती पिशवी काढायचा प्रयत्न केला, जमले नाही. चौथ्या रात्री जमले. उघडून बघतो तर आत फक्त अर्धा आणा!

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः सांगितलेला आहे, चरित्रातही आला आहे. आपण तो मुलांना सांगत नाही. का? त्यात चोरी आहे म्हणून. पण मला विचाराल तर नववीच्या पोराला सांगण्यासारखा याच्याइतका मोलाचा प्रसंग दुसरा नाही. अर्ध्या आण्यात मुंबई गाठता येत नाही. त्या चार रात्रींत पोराच्या जिवाची जी उलघाल झाली, तिच्यातूनच त्याने दुसरा निर्णय घेतला. हे असले मार्ग सोडायचे, नेटाने अभ्यास करायचा, लवकर लवकर परीक्षा पास व्हायच्या आणि आपल्या पायावर उभे राहायचे. म्हणजे अभ्यासाची जिद्द आली कुठून? घर सोडून जायच्या रागातून. कोणी व्याख्यान दिले नव्हते. बापाला त्या रात्री बहुधा काही कळलेही नसेल.

आता आपल्या पोरांकडे बघा. पावसाळ्यात दर रविवारी लेण्याकडे आणि राजमाचीकडे शेकड्याने ट्रेकिंगवाले येतात. आपला पोरगा बघतो, त्यांचे बूट, त्यांच्या गाड्या. रिसॉर्टवर शनिवार-रविवार काम केले की हातात रोकड येते. त्याला बाईक पाहिजे. त्याला वाटते कशाला बारावी, आताच कमवू. घरी आल्यावर आपण म्हणतो, "वेटर होणार काय रे तू?" इथे आपले चुकते. त्याची कमवायची इच्छा वाईट नाही. आपल्या पायावर उभे राहावे, घरात आपल्या शब्दाला किंमत यावी, ही या वयातली सगळ्यात जोरकस इच्छा आहे आणि साताऱ्याच्या त्या पोराला हीच इच्छा होती. तिची टिंगल करू नका. तिचे बोट धरा. "बाईक पाहिजे ना? बस, हिशेब करू. आता मिळतात ते महिन्याला किती, आयटीआय करून खोपोलीच्या कारखान्यात लागलास तर किती, डिप्लोमा केलास तर किती." कागद-पेन घेऊन एकदा बसा. आकडे त्यालाच चौकशी करून आणू द्या. आपण आणलेल्या आकड्यावर त्याचा विश्वास बसत नाही.

पुढे १९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले. परळला डबक चाळ, एक खोली. स्वयंपाक तिथेच, झोपणे तिथेच, अभ्यास तिथेच. धूर कोंडलेला. पोराच्या उशाशी जाते आणि पायाशी बकरी बांधलेली, असे वर्णन चरित्रात आहे. एवढ्याशा जागेत अभ्यास कधी करायचा? रामजींनी युक्ती काढली. पोराला संध्याकाळी लवकर झोपवायचे. स्वतः जागत बसायचे. रात्री दोन वाजता, सगळी चाळ शांत झाली की पोराला उठवायचे, आणि तो बसला की मग आपण झोपायचे. काच नसलेल्या चिमणीच्या उजेडात पोरगा वाचत बसायचा.

ही गोष्ट आपण ऐकतो तेव्हा कौतुक करतो पोराचे, की पहाटे दोनला उठायचा. अहो, पण दोनपर्यंत जागा कोण होता? तो म्हातारा. पेन्शनीत निघालेला लष्करी माणूस, एका पोरासाठी अर्धी रात्र डोळ्यात तेल घालून बसायचा. त्याने पोराला "अभ्यास कर" असे म्हटले असेल नसेल, मला ठाऊक नाही. पण त्याने वेळ उभी केली, जागा उभी केली, शांतता उभी केली. मन लावायचे काम पोराचे. बाकीचे सगळे बापाने केले.

आता कोणी उद्यापासून पोरांना दोन वाजता उठवू नका, नाहीतर उद्या पोरे माझ्या नावाने बोटे मोडतील. आजचे डॉक्टर सांगतात की तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते, त्यामुळे रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी जाग येत नाही. तो सगळा आळस नसतो. रामजींनीही झोप तोडली नव्हती, ती आधी देऊन घेतली होती. आपल्या घरात काय होते? रात्री साडेआठला टीव्हीवर मालिका, बापाच्या हातात मोबाईल, आवाज मोठा, आणि त्याच खोलीत पोराला सांगायचे अभ्यास कर. मोबाईल पोराच्या हातून काढायचा असेल तर तो आधी आपल्या हातून सुटला पाहिजे. रात्री दहानंतर घरातले सगळे मोबाईल एका ठिकाणी चार्जिंगला, बापाचासुद्धा. बापाचा अपवाद केला की संपले.

पुस्तकांची गोष्ट तर तुम्हाला माहीत असेल. भीमरावांना पुस्तकांचे वेड. पुस्तक पाहिजे म्हटले की रामजी बाहेर पडायचे. खिशात पैसे नसले की आधी धाकट्या मुलीकडे जायचे, तिच्याकडे नसले तर मोठीकडे. त्यांच्याकडेही रोख नसली तर लेकीचा दागिना मागून घ्यायचा, मारवाड्याकडे गहाण टाकायचा, पुस्तक आणायचे आणि पेन्शन आली की दागिना सोडवून परत नेऊन द्यायचा.

इथे मला थोडे थांबायचे आहे. या गोष्टीत बापाचे नाव होते, मुलाचे तर झालेच. पण दागिना कोणाचा होता? मंजुळा आणि तुळसा या बहिणींचा. आणि दोन मुलांचा खर्च झेपत नाही म्हणून शाळा सोडून कामाला कोण लागला? थोरला भाऊ आनंदराव. एका मुलासाठी सगळे घर राबले. त्या काळी इलाज नव्हता. आज आपल्या घरात एका पोरासाठी पोरीची शाळा थांबवायची वेळ नाही, तरी थांबवली जाते. पोरगी सत्तर टक्क्यांनी पास झाली तर "आता घरात मदत कर, स्थळ बघू", आणि पोरगा दोनदा नापास झाला तरी त्याला क्लास, त्याला मोबाईल. मग ओट्यावर बसून म्हणायचे, पोरांना जिद्द नाही. जिद्द आपल्या पोरींत आहे. कर्जतची बस पकडायला सकाळी भाकरी भाजून निघतात त्या. त्यांना पुढे जाण्याचा धाक नको, परवानगी पाहिजे.

मुले उलट बोलतात, ही दुसरी तक्रार. भीमरावसुद्धा बापाला उलट प्रश्न विचारायचे, आणि साधे प्रश्न नाहीत. रामजी कबीरपंथी, धार्मिक माणूस. मुलांकडून रोज रामायण-महाभारत वाचून घ्यायचे. पोराने एक दिवस विचारले, की ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि आपल्यासारख्यांचा कमीपणा पानोपानी येतो, ते आम्हाला का वाचायला लावता? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी ही आठवण दिली आहे. रामजींनी कानफटात मारली नाही. त्यांनी उत्तर दिले. आपण अस्पृश्य आहोत, त्यामुळे मनात न्यूनगंड येण्याचा संभव असतो. द्रोण बघ, कर्ण बघ, किती लहान स्थितीतून किती उंचीला गेले. वाल्मीकी बघ. न्यूनगंड जावा म्हणून वाचायचे. या उत्तरात थोडा जोर आहे असे पोराला वाटले, पण समाधान झाले नाही, आणि तेही त्याने बापाला सांगितले! म्हणजे त्या घरात प्रश्न विचारता येत होता, उत्तर मिळत होते आणि उत्तर पटले नाही असेही म्हणता येत होते. विचार करा, १९०५-०६ च्या आसपासचे घर, चाळीतली एक खोली, लष्करी शिस्तीचा बाप.

हा वाद शेवटपर्यंत राहिला. बी.ए. झाल्यावर भीमराव बडोद्याला नोकरीला जायला निघाले, ते रामजींना पसंत नव्हते. पोरगा गेला. थोड्याच दिवसांत बाप आजारी असल्याची तार आली. परत येताना सुरत स्टेशनवर ते वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. घरी पोहोचले तेव्हा रामजी अखेरचे क्षण मोजत होते. २ फेब्रुवारी १९१३. ज्या बापाशी वाद घातला, त्याच्यासाठी मिठाई घ्यायला उतरणारा मुलगा तो. तेव्हा आपला पोरगा आज वाद घालतो म्हणून तो हातचा गेला असे समजू नका. वाद घालणे बंद करून गप्प बसू लागला, तर मात्र जागे व्हा.

तथागतांनी राहुलला कसे समजावले तेही बघा. खोटे बोलण्याविषयी सांगायचे होते. त्यांनी भांड्यात थोडे पाणी ठेवले आणि राहुलला विचारले, दिसते का? मग ते ओतून टाकले, भांडे पालथे केले, प्रत्येक वेळी त्यालाच विचारले. मग विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुलनेच उत्तर दिले, बघण्यासाठी. तर तसेच, काही करण्याआधी, करताना आणि केल्यावर आपणच आपल्याला बघायचे. सगळ्या उपदेशात पोराला बोलते केले आहे. आपल्या घरात अर्धा तास बाप एकटाच बोलतो.

आता शाबासकीविषयी. भीमराव परीक्षा पास झाले तेव्हा समाजातल्या लोकांनी सत्काराची सभा ठरवली. चरित्रकार म्हणतात ही १९०७ च्या मॅट्रिकनंतरची गोष्ट, बाबासाहेबांनी स्वतः प्रस्तावनेत इंग्रजी चौथीनंतरची म्हटली आहे. ते काही असो. रामजींनी साफ नाही म्हटले. पोरगा नुसता परीक्षा पास झालाय, सत्कार केला तर डोक्यात हवा जाईल. लोक काही ऐकेनात. ते गेले दादा केळुस्करांकडे, म्हणजे कृष्णराव अर्जुन केळुस्करांकडे. त्यांनी रामजींची समजूत घातली. सभा झाली, केळुस्कर अध्यक्ष. त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. ते पुस्तक त्या पोराच्या हाती पडले, म्हणून आज आपण या विहारात बसलो आहोत असे म्हटले तरी चालेल.

रामजी बरोबर की लोक बरोबर? माझ्या मते दोघेही. बापाने डोक्यावर घ्यायचे नसते, पण कोणीतरी घ्यायला पाहिजे. आणि मॅट्रिकला गुण किती होते ठाऊक आहे? ७५० पैकी २८२. शेकडा काढले तर ३८ सुद्धा होत नाहीत. त्या वेळची मॅट्रिक मुंबई विद्यापीठाची, फार कठीण, आजच्या टक्क्यांशी तिची तुलना करू नये हे कबूल. पण आपल्याकडे पंच्याऐंशी टक्के मिळाले तरी "शेजारच्या पोरीला नव्वद" असे म्हणणाऱ्या आया आहेत. त्यांनी हा २८२ चा आकडा फोटोखाली लिहून ठेवावा.

केळुस्करांची ओळख कशी झाली तेही महत्त्वाचे आहे. शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. केळुस्कर तिथे यायचे. त्यांना दिसले, एक पोरगा रोज वाचत बसतो. त्यांनी विचारपूस केली, पुस्तके दिली. पुढे पैशाअभावी शिक्षण थांबायची वेळ आली तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. वयात आलेल्या पोराला आई-बापाखेरीज असे एक मोठे माणूस लागते. आईने सांगितलेले कटकट वाटते, तेच मामाने सांगितले की पटते. असे का, याचे दुःख करू नका, तो वयाचा गुण आहे. आपल्या मुलासाठी असे माणूस शोधा. आणि दुसऱ्याच्या मुलासाठी आपण तसे व्हा.

हे मी कोंडाण्यात सांगतो आहे, म्हणून आणखी एक सांगतो. आपल्या लेण्यात चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूला, डाव्या हाताला एक भग्न मूर्ती आहे. तिच्या डोक्याजवळ ब्राह्मी अक्षरात एक ओळ कोरली आहे. आपण रविवारी पाहुण्यांना घेऊन जातो, फोटो काढतो, पण ही ओळ किती जणांनी पोरांना दाखवली? अर्थ असा, की कण्ह याचा अंतेवासी बलक याने हे केले. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा बलक. त्याने आपल्या नावाआधी गुरूचे नाव कोरले. आणि अंतेवासी म्हणजे काय, तर जवळ राहणारा. शिष्याला तेव्हा हा शब्द होता. जवळ राहून, बघून, हाताखाली काम करून शिकणारा. दगड फोडायला लावण्याची जिद्द कण्हाने बलकाला भाषणातून दिली नसणार. आपली पोरे आपल्याजवळ राहतात, पण आपल्याजवळ बसतात किती? गवंडीकाम करणाऱ्याने पोराला एखादा रविवार साईटवर न्यावे, ओळंबा धरू द्यावा, माप काढू द्यावे. नोकरीवाल्याने पगाराची स्लिप दाखवावी. घर कसे चालते ते पोराला कळू द्या. पंधरा वर्षांच्या मुलाला सगळे कळते, आपणच त्याला कळू देत नाही.

एक नाजूक गोष्ट. मुलगा अचानक शाळेत जायचे नाही म्हणतो, तेव्हा ते सगळे आळसापायी असते असे धरून चालू नका. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमरावांना फळ्याजवळ बोलावले तर फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून पोरांनी ओरडून ते बाजूला केले. संस्कृत शिकायचे होते, नाकारले, म्हणून फारसी घ्यावी लागली. आज डबे उचलत नाहीत. पण आडनाव विचारतात, जयंतीच्या मिरवणुकीवरून टोमणा मारतात, "तुम्हाला काय, सवलत आहे" असे म्हणतात. मोबाईलवर ग्रुपमध्ये काय काय चालते ते आपल्याला दिसत नाही. पोरगा घरी सांगत नाही, कारण सांगितले की बाप शाळेत जाऊन तमाशा करील, याची त्याला भीती असते. आधी ऐकून घ्या. मग काय करायचे ते त्याला विचारून करा. आणि पोरगा फारच गप्प झाला, जेवण सुटले, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर विहारात पूजा ठेवण्याआधी त्याला सरकारी दवाखान्यात डॉक्टरकडे घेऊन जा. यात लाज नाही.

१९९३ साली नरेंद्र जाधव यांनी 'आमचा बाप आन् आम्ही' हे पुस्तक लिहिले. तुमच्यापैकी काहींनी वाचले असेल. वडील दामोदर जाधव मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये साधी नोकरी करणारे, स्वतः शाळा जवळजवळ न पाहिलेले. थोरला मुलगा आयएएस झाला, नरेंद्र रिझर्व्ह बँकेत अर्थतज्ज्ञ आणि पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. या बापाने मुलांना तू अमुकच हो असे सांगितले नाही. जे होशील त्यात टोकाला जा, एवढेच. आपल्या समाजात अजून डॉक्टर-इंजिनियर-साहेब या तिघांपलीकडे बापाची नजर जात नाही. पोराला ढोलकी येते, पोरीला चित्र काढता येते, कोणाला गाडीचे इंजिन उघडायची हौस आहे. त्यातही टोक असते.

आता शेवटी कागदपत्रांचे. हे मुलाचे काम नाही, बापाचे आहे, आणि यातच आपण कमी पडतो. दहावीचा निकाल लागल्यावर जातीच्या दाखल्यासाठी धावाधाव करतो. १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जे असेल ते पोरगा आठवीत असतानाच शोधून ठेवा. जात पडताळणी वेळेत करा. आठवीतच एनएमएमएसची परीक्षा असते, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. आपल्या किती मुलांनी फॉर्म भरला, शाळेत विचारा. दहावीनंतर पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे, बाहेरगावी शिकताना वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजना आहे. दहावी नापास झाला म्हणून जग बुडत नाही. पुरवणी परीक्षा आहे. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश आहे. शाळा सुटलेल्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. आयटीआयच्या काही ट्रेडला दहावी नापासही चालतो. नापास झालेल्या पोराला सगळ्यात आधी हे सांगायचे असते, शिव्या नंतरही देता येतात.

रामजींकडे एक खोली होती. आपल्याकडे हा विहार आहे, ट्यूबलाईट आहे, पंखे आहेत, आणि वंदना झाली की दाराला कुलूप लागते. मी समितीशी बोललो आहे. वंदनेनंतर रात्री साडेसात ते दहा विहार अभ्यासासाठी उघडा राहील. भाषण नाही, शिकवणी नाही. फक्त एक मोठे माणूस रोज दाराशी बसेल, आळीपाळीने. मोबाईल त्याच्याजवळ ठेवायचे, त्याचा स्वतःचासुद्धा. मुलांनी काही विचारले तर सांगायचे, नाही विचारले तर पेपर वाचत बसायचे. आठवड्यात सात वार आहेत. सोमवार मी घेतला आहे. बाकीचे सहा वार मोकळे आहेत, वही सचिवांकडे आहे, जेवणाच्या पंगतीला बसण्याआधी नावे लिहावीत. आयांनीही लिहावीत.

जय भीम! नमो बुद्धाय!